सगळ्यांना एकच पासवर्ड

माझ्या सायबर कॅफेत पासवर्ड मोठ्यानं सांगितला जायचा. मी दाराशी काउंटरवर बसलेलो असायचो. आत प्लायवूडच्या आडोशामागं कुणीतरी अडून बसलेलं असायचं आणि तिथून आवाज यायचा, "सर, घेत न्हाई ओ." मग मी बसल्या जागेवरून सांगायचो, "येमाई टाका, पुढं एक दोन तीन. सगळं स्मॉलमधी." आतून एका बोटानं टाइप केल्याचा आवाज यायचा आणि मग समाधानानं "उघडलं." हे सगळं शेजारच्या आडोशात बसलेल्यांना ऐकू जायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर नाहीच.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. मी मूळचा दौंडचा, वडील रेल्वेत होते. पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून मी शिरूरला एसटी स्टँडसमोर क्लास काढला, कारण रांजणगावला कंपन्या आल्या होत्या आणि जो तो बायोडाटात कॉम्प्युटर येतो असं लिहायला बघत होता. पुढच्या खोलीत क्लास, मागच्या खोलीत इंटरनेट. अर्ज करायला ई-मेल लागायचा, म्हणून पोरं यायची, मी खातं काढून द्यायचो. महिन्याभरानं तीच पोरं परत यायची तेव्हा पासवर्ड विसरलेली असायची. पुन्हा नवं खातं, पुन्हा विसरणं. वैतागून मी एक सोपी युक्ती काढली. सगळ्यांना एकच पासवर्ड. गिऱ्हाइकं बरीचशी कवठे येमाईच्या बाजूची होती. गावच्या देवीचं नाव कोण विसरेल?

हळूहळू तोच पासवर्ड सगळ्यांचा झाला. शेजारी गॅरेज चालवणाऱ्या चाचांनाही मी तोच दिला. त्यांचा मुलगा सौदीला होता. चाचा हसून म्हणाले, "सर, मला चालंल, पण देवीला इचारलं का?" मिशन कंपाउंडमधल्या एक नर्सबाई होत्या, त्यांचाही तोच. कुणी हरकत घेतली नाही. मला या युक्तीचा अभिमान होता. कवठ्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक जीपच्या पाठीवर तो शब्द रंगवलेला होता, आणि माझ्या दारातून मला तो रोज दिसायचा. तरीही माझ्या काही लक्षात आलं नाही.

त्या गिऱ्हाइकांत एक मुलगी होती, कवठ्याचीच. रांजणगावच्या एका कंपनीत चेकिंगला होती. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसनं स्टँडवर उतरायची आणि कवठ्याची गाडी लागेपर्यंत माझ्याकडे यायची. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा दौंडचा, मस्कतला एका बांधकामावर सुपरवायझर. फोन परवडत नसे, म्हणून दोघं मेल करायची. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. मला ती दादा म्हणायची. वाचून झालं की काउंटरपाशी येऊन विचारायची, "दादा, मस्कतमधी आत्ता किती वाजलं असतील?" मी सांगायचो. ती मान हलवायची आणि गाडीकडे जायची. तिला वेळ कशासाठी हवी असायची, हे मी कधी विचारलं नाही. बहुतेक तो आता जेवत असेल की कामावर असेल, एवढंच तिला ठरवायचं असावं.

एकदा ती वडिलांना घेऊन आली. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणायचो. मुलानं फोटो पाठवला होता आणि आप्पांना तो बघायचा होता. त्या काळी फोटो वरून खाली एकेक रेघेनं उतरायचा. आधी केस आले, मग कपाळ, मग बराच वेळ काहीच नाही. आप्पा पाठीशी उभे होते. म्हणाले, "जावई वरनं खाली येत्यात व्हय? मग या म्हणावं निवांत. नाक आलं की हाक मारा, तवर मी च्या पिऊन येतो." ती हसता हसता लाजली होती.

त्यांचा साखरपुडा दौंडला मुलाच्या घरी झाला. मुलाचे वडील माझ्या वडिलांबरोबर रेल्वेत होते, म्हणून मलाही बोलावणं होतं. मुलगा रजा घेऊन आला होता. तिथं आप्पांनी पाण्याचा थेंब घेतला नाही. आमच्याकडे जुनी माणसं लेकीच्या सासरचं पाणी पीत नाहीत, निदान तिला मूल होईपर्यंत तरी. आजकाल कोण पाळतं? पण आप्पा पाळायचे. उन्हाचे दिवस होते, घसा सुकला होता, तरी तांब्या आला की छातीवर हात ठेवून नको म्हणायचे. बायकांनी चेष्टा केली. आप्पा म्हणाले, "नातू मांडीवर बसू द्या. मग तुमचा माठ रिकामा करतो."

लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. त्याच्या आधी एका दुपारी ती आली आणि आडोशाकडे गेलीच नाही. काउंटरला धरून उभी राहिली. म्हणाली, "दादा, माझ्या नावानं कुणीतरी लिव्हलंय."

दौंडहून घरी फोन आला होता. मुलाला तिच्या खात्यावरून मेल गेले होते. लग्नाच्या खर्चामुळं आप्पा अडचणीत आहेत, मला लाज वाटते पण तुमच्याशिवाय कुणाला सांगू, या खात्यावर थोडे पैसे टाका, माझ्या मैत्रिणीचं खातं आहे, घरी कुणाला कळू देऊ नका. त्यानं टाकले होते, एकदा नाही, दोन-तीनदा. मग फोनवर आईला सहज बोलून गेला, आप्पांचं काम झालं का म्हणून.

आम्ही खातं उघडलं. ते मेल तिथं होते, पाठवलेल्यांच्या यादीत. आलेली उत्तरं मात्र तिच्या नजरेला पडू नयेत म्हणून कुणीतरी पुसून टाकली होती. मी मेल पाठवल्याच्या वेळा बघितल्या. सगळे भर पाळीतले. त्या वेळी ती निळा कोट घालून मशीनपाशी उभी असणार, कंपनीतलं हजेरीचं कार्ड ते सांगू शकलं असतं. आणि मला काय झालंय ते समजलं. विचार करावा लागला नाही. माझा आवाज त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाच्या कानावर जात होता. खात्यांची नावं तर त्या मशीनवर चौकटीत आपोआप उमटायची. कोण होता तो? नोकरीच्या शोधातला एखादा? की माणसं जोडून पैसे मिळवायच्या साखळी स्कीमची माहिती काढायला येऊन तासन् तास कोपऱ्यात बसणारा तो माणूस, जो पुढं दिसलाच नाही? मला शेवटपर्यंत कळलं नाही. पैसे ज्या खात्यात गेले ते कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातलं होतं आणि एव्हाना रिकामं झालं होतं.

ती पडद्याकडे बघत होती. "दादा, मी लिव्हलं न्हाई. मग कुणी लिव्हलं?"

मी म्हणालो, "हॅकर असतात. परदेशात बसून करतात असलं."

ते मेल मराठीत होते. ती हे बोलली असती तर मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. पण ती बोलली नाही. मी सांगितलं ते तिनं मान्य केलं.

ती गेल्यावर मी भर दुपारी शटर अर्ध्यावर ओढलं आणि आठवेल त्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं खातं उघडत गेलो. एकही अडलं नाही. चाचांचं उघडलं, नर्सबाईंचं उघडलं, माझ्या क्लासमधल्या पोरांची उघडली. प्रत्येकाला नवा, वेगळा पासवर्ड टाकला. पुढं जो येईल त्याला चिठ्ठीवर लिहून दिला, नवीन नियम आलाय म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, आधीचाच बरा होता. का बदलला, असं कुणी विचारलं नाही, आणि मी होऊन सांगितलं नाही. इतरांना वाचवलं असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. खरं तर मी पुरावा पुसत होतो.

दोन दिवसांत आप्पा आले. दौंडला बैठक होती. म्हणाले, "सर, तुम्ही चला संगं. तुम्ही दौंडचं, आन् ह्यातलं जाणतं. तुमचा शब्द तिथं चालंल."

न्हावऱ्यावरून एसटीनं गेलो. उसाच्या गाड्यांमुळं बस सारखी थांबत होती. आप्पांनी धुतलेली टोपी घातली होती. ती सारखी करत ते खिडकीबाहेर बघत होते. मग विचारलं, दुसऱ्या माणसाला तिचं खातं उघडता येतं का. मी म्हणालो, येतं. "मग झालं तर," ते म्हणाले. "तेवढंच सांगा. बाकीचं मी बघतो." त्यांच्या आवाजात खरोखरच हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. शेजारीशेजारी बसलो होतो, खांद्याला खांदा लागत होता. भीमेचा पूल येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. पूल ओलांडला आणि मग उतरायची गडबड झाली.

मुलाच्या घरी दोन्हीकडची चार-पाच बापई माणसं जमली होती. मुलगी अर्थातच नव्हती, असल्या बैठकीला तिला कोण नेणार? मुलाच्या वडिलांनी मला बघितलं आणि चेहरा जरा सैल केला. जमलेल्यांना सांगितलं, हा आपल्या अमक्याचा मुलगा, शिरूरला कॉम्प्युटरचा केवढा मोठा क्लास आहे याचा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यातल्या दोघांनी माझ्या वडिलांबरोबर यार्डात काम केलं होतं. माझी कॉलर ताठ झाली, हे मी लपवत नाही. तिथंच माझं तोंड बंद झालं.

पाण्याचं तबक आलं. आप्पांनी सवयीनं छातीवर हात ठेवला.

मुलाचे वडील म्हणाले, "पाणी चालत नाही आमच्या घरचं, आणि पैसा चालतो होय, आप्पा?"

आप्पांचा हात छातीवर होता तो तिथंच राहिला. मग ते हळू म्हणाले, "पोरीनं लिव्हलेलं न्हाई ते. सरांना इचारा. दुसऱ्याला उघडता येतं."

मला विचारलं गेलं. मी क्लासमध्ये शिकवतो तसं बोलायला लागलो. सर्व्हर, खातं, लॉगिन. होऊ शकतं, म्हणालो, पण त्यासाठी पासवर्ड माहीत असावा लागतो.

"मग हिचा पासवर्ड कुणाला माहीत होता?"

आप्पा माझ्याकडे वळून बघत होते. साधं बघणं होतं ते. त्यांना खात्री होती की मी आता सांगणार. मी तबकातल्या पेल्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "ज्याचा त्याला असतो."

एवढंच. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाळीच्या वेळा, कंपनीचं कार्ड, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न पुन्हा तोच आला असता. अर्ध्या तासात लग्न मोडलं. साखरपुड्याची अंगठी आणि साडी परत करायची ठरली. त्या मुलाबद्दल मला पुढं काही कळलं नाही. त्याचाही विश्वासघात झाला होता, हे मला फार उशिरा सुचलं.

परतीच्या गाडीत आप्पा खिडकीकडे तोंड करून बसले. शिरूरला उतरल्यावर म्हणाले, "तुम्ही आलात, उपकार झालं." दोन पावलं गेले आणि परत फिरले. "सर, ज्याचा त्याला असतो म्हंजी... तिलाच ना?"

मी म्हणालो, "हो, पण आप्पा—"

कवठ्याची गाडी सुटत होती. ते पळत जाऊन चढले.

पुढच्याच महिन्यात आप्पांनी ते पैसे दौंडला पोचते केले, जे त्यांनी घेतलेच नव्हते. मला कळल्यावर मी म्हणालो, देऊ नका, तुमचा काय संबंध? पण का देऊ नका ते सांगायला माझ्याकडे एकच कारण होतं आणि ते मी सांगत नव्हतो. पैसे दिले म्हणजे घेतले होते, असा गावानं हिशोब लावला. आप्पाही कुणी विचारलं तर म्हणायचे, "चुकलं पोरीचं. वय असतंय." तिला वाचवायलाच म्हणत असावेत. पण म्हणता म्हणता त्यांचा त्यावर विश्वास बसला असावा, किंवा माझ्या त्या एका वाक्यानं तो आधीच बसला होता.

ती एकदा आली, बैठकीनंतर काही आठवड्यांनी. कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "दादा, तुम्ही बोललात का तिथं?"

मी म्हणालो, "बोललो. पण त्यांनी ऐकलं नाही."

"तुम्ही तरी बोललात," ती म्हणाली. मग, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं म्हणाली, की आप्पा आता तिच्या हातचं पाणी घेत नाहीत. रागावत नाहीत, बोलत नाहीत असंही नाही. तिनं तांब्या पुढं केला की म्हणतात, ठेव. मग उठतात आणि स्वतः माठातून घेतात.

कवठ्याची गाडी माझ्या दुकानासमोर लागायची. दिवसातून कितीतरी वेळा. मला फक्त रस्ता ओलांडायचा होता. एकदा ओलांडला. गेलो, तर आप्पा बोअरपाशी पाइप जोडत होते. मला बघून त्यांना आनंद झाला, तो खोटा नव्हता. त्यांनी पोरीला हाक मारून माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. तिनं आणलं. मी प्यालो. पिकापाण्याच्या गप्पा मारल्या आणि परतीच्या गाडीनं आलो. कित्येक वर्षं मला वाटत होतं, निदान मी गेलो तरी. आता वाटतं, तिच्या हातचं पाणी पिऊन न सांगताच परतण्यापेक्षा त्या दिवशी गेलो नसतो तर बरं झालं असतं.

तिला नंतर स्थळं आली नाहीत. म्हणजे यायची, पण चौकशीला दौंडपर्यंत जायची आणि तिथंच थांबायची. ती कंपनीत जात राहिली. आप्पांना आजार जडला, काही महिने पुण्याच्या दवाखान्यात होते, आणि गेले. दहाव्याला मी गेलो होतो, नदीच्या काठाला मागं उभा होतो. ती समोर होती. मला बघून तिनं मान हलवली, लांबून आलेल्या माणसाला हलवतात तशी.

त्यानंतर वर्षभरानं, कॅफे जवळजवळ ओस पडला होता तेव्हा, ती आली. चाकणला एका कंपनीत जागा होती, अर्ज ऑनलाइन करायचा होता, म्हणून नवीन ई-मेल हवा होता. जुन्या खात्याला तिनं पुन्हा हात लावला नव्हता. मी तिला शेजारी खुर्ची दिली आणि माहिती भरायला लागलो. नाव, जन्मतारीख, पत्ता. पासवर्डच्या चौकटीशी आलो आणि मॉनिटर तिच्याकडे वळवला. म्हणालो, हे तुझं तू टाक, मी तिकडं बघतो.

"तुम्हीच टाका, दादा," ती म्हणाली. "तुमच्यापासनं काय लपवायचं?"

आणि मग मी सांगितलं. आधीचा पासवर्ड सगळ्यांचा एकच होता, शेजारच्या चाचांचा, नर्सबाईंचासुद्धा, मी तो ओरडून सांगायचो, बैठकीत मी काय बोललो आणि काय बोललो नाही. नीट सांगता आलं नाही. मध्येच मी तिची माफी मागायला लागलो तर तिनं हातानं थांबवलं.

"आप्पांना कधी सांगितलंत का हे?"

"नाही."

ती रडली नाही. हात मांडीवर होते, त्यांच्याकडे बघत ती बोलत होती. "दवाखान्यात शेवटाला मी चमच्यानं पाणी द्यायचे त्यांना. तोंड मिटून घ्यायचे. नर्स म्हणली, गिळवत नसंल. मीबी सगळ्यांना तेच सांगितलं, गिळवत नव्हतं म्हणून."

 

तिनं पर्स उचलली. दारापाशी थांबली. मला वाटलं आता ती काहीतरी म्हणेल, शिव्या देईल, आणि मला ते हवं होतं. ती म्हणाली, "बाकीच्यांना तरी सांगितलं का? तुमच्या चाचांना, त्या नर्सबाईंना? त्यांचंबी कुणी उघडून बघितलं आसंल की."

हेही मी केलं नव्हतं. नुसते पासवर्ड बदलले होते.

ती अर्ज करायला दुसरीकडे गेली असणार. पुढं कळलं की तिला ती नोकरी लागली आणि ती आईला घेऊन चाकणला राहायला गेली. माझ्याकडे ती पुन्हा आली नाही. त्या दिवशी ती गेल्यावर भरलेलं पान तसंच समोर होतं. बाकी सगळं भरलेलं आणि ती एक चौकट रिकामी. मी कॉम्प्युटर बंद केला आणि शेजारच्या गॅरेजात गेलो. चाचा ग्राइंडर चालवत होते. मी हात केला, त्यांनी मशीन बंद केलं. मी त्यांना सगळं सांगितलं, अगदी पहिल्या दिवसापासून.

शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पोरीला कवा सांगितलं?"

"आत्ता. तुमच्याकडे येण्याआधी."

चाचांनी डोळ्यांवर चष्मा ओढला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.